निम्मी चाल शेजाऱ्याकडे



लेथवर उमेद घालवलेल्या, युनियनचे काम करणाऱ्या माणसाने बाली बेटावरच्या संगीतावर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. मी त्या बेटावर गेलेलो नाही. सांगतो ते वाचून आणि ऐकून.

तिथल्या वाद्यमेळाला गामेलान म्हणतात. काशाच्या पट्ट्यांची वाद्ये, घंटा, ढोल असा तो संच. पुष्कळदा मालकी साऱ्या वस्तीची. एका संचाचे सूर दुसऱ्याशी जुळत नाहीत. म्हणून त्यातले एखादे वाद्य उचलून दुसऱ्या गावी नेले तर ते तिथे बेसूर. संचातही पट्ट्यांची वाद्ये जोडीने असतात आणि जोडीतले एक मुद्दाम किंचित चढे ठेवतात. दोन्ही एकदम वाजली की सूर थरथरतो. त्या थरथरीला ते लाट म्हणतात. एकट्या वाद्यात ही लाट नाही.

चालीचेही तसेच. भरभर धावणारी चाल दोघांत वाटलेली असते. तिला कोतेकान म्हणतात. पोलोस वाजवणारा जिथे जागा सोडतो तिथे सांगसीहवाल्याचा घाव पडतो. त्या वेगाने एकट्याचा हात चालणारच नाही. आणि एकेकाचा भाग सुटा ऐकला तर तुटका वाटतो.

पोरांना हे शिकवतात कसे? गुरू वाद्याच्या पलीकडे, शिष्यासमोर बसतो आणि उलट्या बाजूने वाजवतो. बोलणे थोडे. अख्खा तुकडा वाजवायचा, पुन्हा वाजवायचा; पोराने हातोडीकडे पाहून जमेल तेवढे उचलायचे. ‘मगुरू पंगगुल’ हा त्यांचा शब्द: हातोडी हाच गुरू. मीही लेथ शिकलो तो उस्तादाच्या हाताकडे पाहूनच. उस्ताद बोलायचा तो फक्त रागावला म्हणजे.

१९६० साली देनपसारला संगीताचे सरकारी विद्यालय निघाले. तिथे शिकलेले गावोगाव शिकवू लागले. काम मोठे झाले; गावागावाच्या बाजातला फरक पुसट होतो, अशी तक्रारही उठली. मला खुपते ते निराळेच. शाळा म्हटली की तास आला, परीक्षा आली, एकेकाची गुणपत्रिका आली. पोलोस वाजवणाऱ्या पोराला एकट्याला बसवून काय तपासणार? त्याची निम्मी चाल तर शेजाऱ्याकडे आहे!

परीक्षा घ्यायचीच तर जोडी बसवा, मध्येच भागांची अदलाबदल करायला सांगा आणि गुण दोघांना मिळून द्या. हुशार पोराचे आईबाप भांडायला येतील. येऊ द्यात. त्यांना त्यांच्या पोराचा भाग एकदा सुटा ऐकवावा.