खरूज व तिचा बंदोबस्त

आजचा विषय चारचौघांत बोलण्यास संकोच वाटावा असा आहे. परंतु या संकोचामुळेंच खरूज घरांत मुक्काम करते. म्हणून तो आरंभींच बाजूस ठेवूं.

दिवाळी उलटली म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यांतील पाथर्डी-शेवगांवकडचीं पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीसाठीं घर सोडतात. पाचटाच्या एका कोपींत सारें कुटुंब थंडीच्या रात्रीं अंगाला अंग लावून निजतें, पाणीही बेताचें. तेथें एकाची खरूज सर्वांची होण्यास वेळ लागत नाहीं. पण हा केवळ गरिबांचा रोग नव्हे. वसतिगृहांत आणि खात्यापित्या घरांतही, जेथें मुलें एका अंथरुणांत निजतात तेथें, तो येतो.

या रोगाचें कारण म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा एक किडा. इटलींतील बोनोमो यानें १६८७ सालीं त्याचें वर्णन केलें. मादी कातडीच्या वरच्या थरांत बीळ करून अंडीं घालते. बहुधा अंगावर दहापंधराच किडे असतात. खाज सुटते ती शरीराला ते सोसत नाहींत म्हणून. प्रथम लागण झालेल्यास ही खाज चार ते सहा आठवड्यांनीं सुरू होते. तोंवर तो नकळत इतरांस रोग देत असतो.

म्हणून वैद्य दोन प्रश्न आधीं विचारतो : खाज रात्रीं वाढते काय? घरांत आणखी कोणी खाजवतें काय? मग तो बोटांच्या बेचक्या, मनगटें, काखा, बेंबीभोवतालचा भाग पाहतो. तान्ह्या मुलांचे तळहात व तळपायही पाहावे लागतात.

परमेथ्रिनचें पांच टक्क्यांचें मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखालींही, लावून आठ ते चौदा तास ठेवावें व नंतर स्नान करावें. आठवड्यानें पुन्हां तसेंच करावें. खाज नसली तरी घरांतील सर्वांनीं तें एकाच दिवशीं लावावें. तान्हें मूल किंवा गर्भवती असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. कपडे व पांघरुणें कढत पाण्यांत धुवावीं, नाहींतर पिशवींत तीन दिवस बांधून ठेवावीं. पुढें दोनचार आठवडे खाज राहिली तरी रोज मलम चोळूं नये. दुकानदारानें दिलेलें स्टेरॉइडमिश्रित मलम तर मुळींच नको. त्यानें पुरळ दबतें, किडा मरत नाहीं. खाजवून झालेल्या जखमा पिकल्यास मुलांच्या मूत्रपिंडांस इजा होऊं शकते.

उवांसाठीं ओल्या केसांतून बारीक फणी फिरवावी; रॉकेल डोक्यास कदापि लावूं नये. त्यानें कातडी भाजते आणि आगीचें भय असतें.

शेवटीं एक गोष्ट. घरांत खरूज आली कीं प्रथम मोलकरणीकडे बोट जातें. १९४१ सालीं इंग्लंडांत शेफील्ड येथें मेलनबी यांनीं स्वयंसेवकांस रोग्यांचीं अंथरुणें व कपडे वापरावयास दिले. तरी लागण क्वचितच झाली. रोग पसरतो तो मुख्यतः कातडीच्या दीर्घ स्पर्शानें. घटकाभर भांडीं घासून जाणारीपेक्षां शेजारीं निजणारें आपलेंच माणूस त्याचें कारण असण्याचा संभव अधिक. तिला काढून टाकल्यानें रोग जात नाहीं. तिच्या घरींही खाज असेल तर मलमाच्या चार नळ्या अधिक आणाव्या, हा खरा उपाय.