परराज्यात बदली आणि विम्याचे कागद



आपली मुले शिकून बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबादकडे नोकरीला जाऊ लागली आहेत. अनेकांच्या बदल्याही होतात. बिऱ्हाड हलवताना भांडीकुंडी, शाळेचे दाखले आठवणीने घेतले जातात. विम्याचे कागद मात्र मागे राहतात. मी बँकेत काउंटरवर बसणारा माणूस. लोकांची कागदपत्रे रोज पाहतो, म्हणून या विषयावर चार गोष्टी सांगतो.

प्रथम गाडी. राज्य बदलले म्हणून गाडीचा विमा रद्द होत नाही. तो भारतभर चालतो. अडचण नोंदणीची असते. मोटार वाहन कायदा, 1988 नुसार गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ राहिली, तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्या आर.टी.ओ.कडून फॉर्म 28 वर ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते; ती निघण्यापूर्वीच मिळवावी. तेथे नव्याने कर भरावा लागतो, आणि इकडे आगाऊ भरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो.

नवा क्रमांक मिळताच विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नवा क्रमांक व पत्ता नोंदवून घ्यावा. आर.सी. बुकात एक क्रमांक आणि पॉलिसीत दुसरा असेल, तर अपघातानंतर भरपाईसाठी खेटे घालावे लागतात. मुदत संपून 90 दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर 'नो क्लेम बोनस'ही जातो. हा बोनस 50 टक्क्यांपर्यंत असतो. तो का घालवावा?

सरकारी व सार्वजनिक क्षेत्रातील नोकरांसाठी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांसाठी 2021 पासून 'बीएच' क्रमांकाची सोय आहे. तो घेतल्यास राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही.

आता आरोग्य विमा. येथे चूक महागात पडते. स्वतः घेतलेली पॉलिसी परराज्यातही चालते. पण नव्या गावातील कोणती रुग्णालये कॅशलेस सेवा देतात, याची यादी जाण्यापूर्वीच मागवावी. काही पॉलिसींत शहराप्रमाणे हप्ता ठरतो. लहान गावाच्या हप्त्यावर मोठ्या शहरात उपचार घेतल्यास बिलाचा काही भाग आपल्यालाच भरावा लागू शकतो. म्हणून पत्ता वेळेवर बदलावा.

नोकरी सोडली की कंपनीचा सामूहिक विमा सहसा त्याबरोबरच संपतो. घरात मधुमेहाचे वडील असतील, तर नवी पॉलिसी घेताना जुन्या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून चालू पॉलिसी तोडू नये. कंपनी बदलायचीच असेल तर नूतनीकरणाच्या आधी पोर्टेबिलिटीचा अर्ज करावा, म्हणजे आधीची वर्षे जमेस धरली जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी आहे. परराज्यात स्थायिक झाल्यावर तिच्यावर विसंबून राहू नये.

बंधू-भगिनींनो, रुग्णालयाच्या दारात रात्री दोन वाजता कागद शोधण्याची पाळी कुणावर येऊ नये. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा, त्यावरील तारीख व पत्ता पाहा, आणि फाईल कोठे ठेवली आहे ते घरच्या बाईमाणसांनाही सांगा. एवढे केलेत तरी माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.

जयभीम.