जुनी आलिशान गाडी घेताना आधी इंजिन पाहा

जबलपूरच्या नेपियर टाउनमधून बोलतोय.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांनी विचारलेला आहे. जुनी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी यांपैकी भरवशाची कुठली? नवी असताना पन्नास लाखांची गाडी दहा-बारा वर्षांनी आठ-दहा लाखांत मिळते. मोह होणारच. आमच्या गल्लीतले एक निवृत्त सुभेदारसाहेब कम्युटेशनच्या रकमेतून दहा लाख बाजूला काढून हाच प्रश्न घेऊन आले होते. मी सैन्यात बरीच वर्षं ट्रान्सपोर्ट सांभाळलं आहे. त्यांना म्हटलं, कंपनीचं नाव नंतर. आधी तीन गोष्टी पाहू. इंजिन कुठलं आहे, ते कसं वापरलं गेलं आणि बिघडलं तर कुठे दुरुस्त होईल.

पहिली गोष्ट, इंजिन कुठलं. एकाच कंपनीची दोन इंजिनं सख्ख्या भावांसारखी दिसतात, पण स्वभाव वेगळे असतात. बीएमडब्ल्यूचं एन४७ हे दोन लिटरचं डिझेल इंजिन घ्या. २००७ ते २०१४ या काळातल्या बऱ्याच ३२०डी आणि ५२०डी गाड्यांत ते आहे. त्याची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन झिजली की तिकडून खरखर ऐकू येते. तुटली तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच संपतं. बदलायची म्हटलं तर गिअरबॉक्स किंवा इंजिन खाली उतरवावं लागतं. सुरुवातीच्या वर्षांतली इंजिनं यासाठी जास्त बदनाम आहेत.

मर्सिडीजच्या ओएम६५१ या चार सिलिंडरच्या डिझेलमध्ये सुरुवातीच्या काही वर्षांचे इंजेक्टर त्रासाचे निघाले. त्यांच्याच तीन लिटरच्या व्ही-सहा डिझेलचं, ओएम६४२ चं, दुखणं निराळं. त्याचा ऑइल कूलर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खाचेत बसवलेला आहे. त्याची सील गळते. सील स्वस्त, पण तिथवर हात पोचवायची मजुरी महाग. ऑडीच्या २००८ ते २०११ च्या सुमाराच्या १.८ आणि २.० टीएफएसआय पेट्रोल इंजिनांत पिस्टन रिंगांमुळे ऑइल जळण्याची तक्रार जगभर झाली. तिथे मालकाला थेट विचारा, हजार किलोमीटरला किती ऑइल घालता?

याच भावात टोयोटाची २०१३ नंतरची कॅमरी हायब्रिड दिसते. अडीच लिटरचं पेट्रोल, टर्बो नाही. दिमाख थोडा कमी, पण बिघडण्यासारखे भागही कमी. तिथे तपासायची ती बॅटरी.

दुसरी गोष्ट, वापर. अशा डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. सुभेदारसाहेबांचं रोजचं जाणं नेपियर टाउन ते सदर आणि नातवाची शाळा. इंजिन गरम होईतो गाडी पुन्हा फाटकात. अशा वापरात तो फिल्टर तुंबतो, मग डिझेल कितीही दणकट असो.

दिल्लीच्या गाड्यांबद्दलही बोलतो. दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी तिथे चालवायला २०१५ मध्ये हरित लवादाने मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. नियमांत नंतर फेरफार होत राहिले, पण तिथल्या गाड्या स्वस्तात आपल्याकडे येऊ लागल्या. स्वस्त म्हणजे वाईट असं नाही. फक्त स्वस्ताईचं कारण इंजिन नसून नियम आहे, याची खात्री आपण करून घ्यायची. पेट्रोल गाडी असेल तर पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. गाडीच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा किती दिली आहे ते वाचा, रबरी पाइप आणि सील तपासा.

तिसरी गोष्ट, दुरुस्ती. आमच्या जबलपुरात शक्तिमान ट्रक बनले, जोंगा बनली. जोंगा हे नावच जबलपूरच्या ऑर्डनन्स आणि गन कॅरेजवरून आलं. या गाड्या बिघडत नव्हत्या असं कोणी जुना ड्रायव्हर म्हणणार नाही. पण पार्ट मिळत होते आणि ते बसवणारा हात युनिटमध्येच होता. फौजेत भरवसा म्हणजे हेच. गाडी बंद पडली तर किती वेळात पुन्हा चालू होते? तुमच्या गाडीचं चांगलं वर्कशॉप नागपूरला असेल तर इथून सिवनीमार्गे साधारण पावणेतीनशे किलोमीटर. वाटेत पेंचचं जंगल. टो करून न्यायचा खर्च आजच जमेस धरा.

आता तपासणी. मालकाला आधी बजावून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावा. गरम असेल तर परत फिरा, दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले चार-पाच सेकंद कान देऊन ऐका. चेनची तक्रार तिथेच कळते. मग स्वतःच्या पैशाने स्कॅनर लावून घ्या. इंजेक्टरची आकडेवारी, फिल्टरमधली काजळी, जुने फॉल्ट कोड, सगळं पाहा. मीटरवरचे किलोमीटर आणि गिअरबॉक्सच्या संगणकातले किलोमीटर जुळतात का? जुळत नसतील तर चहा पिऊन उठा. चॅसी नंबरवरून सर्व्हिसचा इतिहास मागवा. ऑइल दर दहा हजारांना बदललेलं असेल तर उत्तम, पंचवीस हजारांना असेल तर चेनची जास्त काळजी करा.

आणि हिशेब. दहा लाख असतील तर गाडी साडेसात लाखांची बघा. चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी. तो हिस्सा वेगळा काढता येत नसेल तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, एवढं सरळ गणित आहे.

सुभेदारसाहेबांची नजर एका काळ्या ५२०डी वर होती. देखणी गाडी, बाहेरून डाग नाही. थंड सुरू करताच मागून खरखर आली आणि चेन बदलल्याची पावती मालकाकडे नव्हती. ती सोडली. महिनाभर थांबून त्यांनी एकाच मालकाची कॅमरी घेतली, सगळ्या पावत्यांच्या फाइलसकट. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, चांदणी असलेली गाडी आणणार होतात ना?" सुभेदारसाहेब म्हणाले, "चांदणीचे पैसे बँकेत आहेत बेटा."

तुम्ही हायवेवर रोज शंभर किलोमीटर जाणारे असाल, चेनची पावती हातात असेल आणि चांगला मिस्त्री जवळ असेल, तर जर्मन डिझेल खुशाल घ्या. असलं इंजिन लांबच्या पल्ल्यात जीव खूश करतं. आपला रस्ता कुठला, हे मात्र आधी स्वतःला विचारा.

पुढच्या भागात जुन्या गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तोवर रजा घेतो. जय हिंद.