ठाण्याला जायची लाज कशाला?

हात मोडला तर तो गळ्यात बांधलेला चार माणसांना दिसतो. ताप आला तर अंगाला हात लावून कळतो. आज आम्ही ज्या दुखण्याविषयी बोलणार आहोत, ते दिसतही नाही आणि हाताला लागतही नाही. म्हणून लोक ते झाकतात. झाकलेले दुखणे वाढते. कधीकधी ते माणसाचा जीव घेते.

डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. डिप्रेशन हा शब्दही हल्ली कानावर येतो. आपल्या घरांतून म्हणतात, "त्याचा जीव कशात लागत नाही."

कोणी विचारील, "गुरुजी, दुःख कोणाला नाही?" खरे आहे. घरात कोणी वारले, कापलेले भात पावसात भिजले, तर माणूस रडणारच. पण काही दिवसांनी तो नातवाचे बोल ऐकून हसतो. शेजारी आला तर त्याच्याबरोबर चहा घेतो. नैराश्याचे तसे नसते. दोन आठवडे, महिना, दोन महिने, रोज, जवळजवळ सारा दिवस मन जड राहते. आवडीच्या कामात गोडी उरत नाही. पहाटे तीनलाच झोप उडते. अन्न गोड लागत नाही. साधा हिशेब जमत नाही. दुखणे जबर झाले की माणूस आंघोळ टाकतो, बोलणे टाकतो. "मी कुचकामाचा, मी घराला भार," असे त्याला वाटू लागते. मग मरणाचे विचार येतात.

हे का होते? कारण एकच नसते. कोणाच्या घराण्यात हे दुखणे असते. कोणाला कर्जाचा, मृत्यूचा, भांडणाचा धक्का बसतो. कोणाला दारू खाली ओढते. बाळंतपणानंतर काही बायांना हे होते. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले, तरी मन असेच जड होते. म्हणून डॉक्टर कधी रक्तही तपासायला सांगतात. आळसाने हे दुखणे येत नाही. कोणाच्या करणीनेही येत नाही.

२०१५-१६ साली देशातल्या १२ राज्यांत मोठी पाहणी झाली. दर वीस मोठ्या माणसांत सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी हे दुखणे झालेले आढळले. आता तुम्हीच आपल्या आळीतली माणसे मोजा.

मग ही माणसे डॉक्टरकडे का जात नाहीत? एक कारण आपल्या जिभेवरच आहे. कोणी जरा वेगळे वागला की आपण हसून म्हणतो, "याला ठाण्याला पाठवा." ठाण्याचे सरकारी मनोरुग्णालय १९०१ सालचे. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथेही अशी जुनी इस्पितळे आहेत. जुन्या काळी तिथे माणसे वर्षानुवर्षे कोंडलेली असत. त्या काळची भीती अजून आपल्या बोलण्यात राहिली आहे. पण आज तिथे बाहेरचे रोगीही तपासतात. केसपेपर काढायचा, डॉक्टरशी बोलायचे, औषध घ्यायचे आणि घरी परत यायचे. त्यातले पुष्कळ जण दुसऱ्या दिवशी कामावर जातात. शेजारी लोकलमध्ये उभा असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आमचा एक जुना विद्यार्थी कल्याणजवळच्या गावात राहतो. डोंबिवलीच्या कारखान्यात कामाला जातो आणि घरची थोडी भातशेती करतो. तो आम्हाला म्हणाला, "गुरुजी, माझी गोष्ट लोकांना सांगा. पण नाव घेऊ नका." म्हणून नाव घेत नाही.

त्या वर्षी आवणीच्या दिवसांत हा गडी बांधावर नुसता उभा राही. हातात रोपांची मूठ, पण वाकणे होईना. कारखान्यात खाडे पडू लागले. भाऊ म्हणाला, "सोंग करतो." चुलता म्हणाला, "ठाण्याला न्या." मग भगताकडे नेले. कोंबडे गेले, पैसे गेले, गुण आला नाही. एका रात्री तो बायकोला म्हणाला, "मी नसलो तर तुमचं बरं होईल."

त्या माउलीने मोठे शहाणपण केले. ती ओरडली नाही. "असं बोलू नये," म्हणून तिने त्याचे तोंड बंद केले नाही. तिने सरळ विचारले, "जिवाचं बरं-वाईट करायचं मनात येतं का?" तो रडला आणि "हो" म्हणाला. त्या रात्री तिने त्याला एकटे सोडले नाही. घरातली औषधफवारणीची बाटली शेजाऱ्यांकडे दिली. सकाळी दिराला बरोबर घेऊन त्याला सरकारी इस्पितळात नेले. असे सरळ विचारले तर नसता विचार डोक्यात घुसेल, अशी भीती लोकांना वाटते. तसे होत नाही. उलट मनावरचे ओझे थोडे हलके होते.

डॉक्टरांनी त्याच्यापुढे उपचाराच्या तीन वाटा ठेवल्या. त्या तुम्हीही समजून घ्या. बी-बियाणे घेताना आपण चार दुकाने फिरतो. मग जिवाच्या गोष्टीत नीट विचारपूस का करू नये?

पहिली वाट गोळ्यांची. या गोळ्यांचा शोध गमतीने लागला. १९५२च्या सुमारास अमेरिकेत क्षयाच्या रोग्यांना एक नवे औषध दिले. ते रोगी एकाएकी हसू-खेळू लागले. त्यावरून डॉक्टरांना वाट सापडली. पुढे अनेक औषधे निघाली. गोळ्यांचा फायदा असा की रोज एक-दोन गोळ्या घ्यायच्या आणि कामधंदा करायचा. पण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. सुरुवातीला मळमळते, तोंड कोरडे पडते, झोप येते. काहींची नवरा-बायकोच्या संबंधातली इच्छा कमी होते. लाजू नका, डॉक्टरांना सांगा. औषध बदलता येते. पहिली गोळी सगळ्यांनाच लागू पडत नाही. बरे वाटले तरी निदान सहा महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. एकदम बंद केल्या तर चक्कर येते आणि दुखणे उलटू शकते. या गोळ्यांचे दारूसारखे व्यसन लागत नाही. नुसत्या झोपेच्या गोळ्या मात्र वेगळ्या. त्यांची सवय लागते. त्या आपल्या मनाने घेऊ नका.

तीन गोष्टी डॉक्टरांना आधी सांगा. बाई गरोदर असेल तर ते सांगा. दुसरी औषधे चालू असतील तर ती सांगा. आणि पूर्वी कधी अतिउत्साहाचे, झोपेवाचून धावपळ करण्याचे, उधळपट्टीचे दिवस आले असतील, तर तेही सांगा. त्याला वेगळे औषध लागते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावे. क्वचित त्यांचे मरणाचे विचार सुरुवातीला वाढतात.

दुसरी वाट बोलण्याची. "बोलून काय होणार?" असे म्हणू नका. शिकलेला सल्लागार गप्पा मारत नाही. मनात फिरणारे विचार तो तपासायला शिकवतो. आज अंगणापर्यंत चाल, उद्या विहिरीपर्यंत, अशी लहान कामे ठरवून देतो. आपल्या शेजारच्या गोव्यात संगत नावाच्या संस्थेने हे करून पाहिले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या जबर नैराश्याच्या रोग्यांशी सहा ते आठ वेळा बसून बोलायचे, असे ठरले. बोलणारे डॉक्टर नव्हते. ती तिथलीच, शिकवून तयार केलेली माणसे होती. निकाल २०१६ साली छापून आला. तीन महिन्यांनी अशा बोलण्याने शंभरांत ६४ जणांचे दुखणे ओसरले. ज्यांना ते मिळाले नाही, त्यांत ३९ जणांचे ओसरले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मनाच्या आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था सुरू केली. तिथेही असे काम चालते. या वाटेचा तोटा असा की वेळ द्यावा लागतो, गाडीभाडे पडते, रोज बुडतो. दुखणे जबर असेल तर पुष्कळदा गोळ्या आणि बोलणे, दोन्ही मिळून जास्त गुण येतो.

तिसरी वाट विजेच्या उपचाराची. लोक त्याला शॉक म्हणतात. याचे नाव काढताच अंगावर काटा येतो. हा उपचार १९३८ साली इटलीत सुरू झाला. पूर्वी तो भूल न देता करीत. आता तसे करायला कायद्याने बंदी आहे. भूल देतात, अंग सैल पडायचे औषध देतात. मग मेंदूला थोडा वेळ वीज देतात. रोग्याला दुखत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, सगळे मिळून साधारण सहा ते बारा वेळा हा उपचार होतो. माणूस अन्नपाणी टाकतो, मरणाचा ध्यास घेतो, किंवा गोळ्यांनी गुण येत नाही, तेव्हा याने लवकर गुण येतो. तोटाही सांगतो. त्या दिवसांतल्या काही गोष्टी विसरायला होतात. बहुतेकांची स्मरणशक्ती पुढे सुधारते, पण काहींच्या काही आठवणी परत येत नाहीत.

आमच्या विद्यार्थ्याने गोळ्या आणि बोलणे निवडले. तिसऱ्या आठवड्यात तो वैतागला. म्हणाला, "पोट बिघडतं आणि गुण तर नाही." बायकोने त्याला परत डॉक्टरकडे नेले. गोळी बदलली. गणपतीत तो आरतीला उभा राहिला. दिवाळीत त्याने स्वतः भात झोडले. दोन वर्षांनी दुखणे पुन्हा डोकावले. या वेळी पहाटे झोप उडू लागताच त्याने ओळखले आणि आठवड्याच्या आत तो डॉक्टरकडे गेला. खाडे फार पडले नाहीत. मधुमेहाचा माणूस जसा आपली साखर सांभाळतो, तसा हा आपले मन सांभाळतो.

कायदा काय म्हणतो, तेही ऐका. २०१७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला आणि २०१८ सालापासून तो लागू आहे. ज्याला आपले भले-बुरे समजते, त्याच्यावर त्याच्या मर्जीविरुद्ध उपचार करता येत नाही. उपचाराची माहिती मागणे हा त्याचा हक्क आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा करायची नाही, त्याच्यावर उपचार करायचे, असेही हा कायदा सांगतो. म्हणून पोलिसांच्या भीतीने इस्पितळ टाळू नका. आणि देवाला नवस जरूर करा, पण भूत उतरवायचे म्हणून मारणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. नवस बोलला म्हणून गोळी चुकवू नका.

घरच्यांनी काय करावे? "हिंमत धर, सगळ्यांनाच त्रास असतो," असे ऐकवू नका. मोडलेल्या पायाच्या माणसाला कोणी पळ म्हणत नाही. त्याच्याजवळ बसा. दोन घास खाऊ घाला. दारू दूर ठेवा. तपासणीच्या दिवशी बरोबर जा. मरणाची भाषा निघाली तर एकटे सोडू नका. विषारी औषधे दूर ठेवा आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठा. ठाण्याचे मनोरुग्णालय आहे, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. जीव धोक्यात असेल तर १०८ ला फोन करून गाडी बोलवा. जायला जमत नसेल तर १४४१६ हा आकडा लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा २०२२ साली सुरू झाली. रात्रंदिवस चालते, मराठीत बोलते, पैसे पडत नाहीत.

बंधुभगिनींनो, तुम्ही आता अक्षरे आणि आकडे ओळखता. त्यांचा उपयोग करा. गोळीच्या पाकिटावरचे नाव स्वतः वाचा. पुढच्या तपासणीची तारीख वाचा. आज घरी गेल्यावर चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने पाच आकडे लिहा: १४४१६. आणि उद्यापासून "याला ठाण्याला पाठवा," असे हसून म्हणू नका. कोणाचे मन आजारी दिसले तर त्याला म्हणा, "चल, मी तुझ्याबरोबर येतो."