दिव्यावरचा पाहुणा

दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग तुम्ही नेहमी पाहता. शास्त्राच्या वहीत त्याचा पत्ता असा आहे – प्राणिसृष्टी, संधिपाद संघ, कीटक वर्ग, खवलेपंखी गण. पंखाला बोट लागले की जी पूड हाताला चिकटते ना, तेच हे खवले. गंमत म्हणजे फुलपाखराचा पत्ताही इथवर हाच! १७५८ साली लिनियसने या गणाच्या तीन प्रजाती केल्या. फुलपाखरांना ‘पापिलिओ’ ही स्वतंत्र प्रजाती दिली, पतंग उरलेल्या दोहोंत गेले. पण आनुवंशिक द्रव्य तपासल्यावर आता दिसते, की पतंगांच्या वंशवृक्षाचीच एक फांदी म्हणजे फुलपाखरे. तेव्हा फुलपाखराचे कौतुक जरूर करा. मात्र पतंगावर केरसुणी उगारण्यापूर्वी त्याच्या थोरल्या घराची आठवण ठेवा.