पाणी आपलं, पाळ आपली, राखणही आपलीच

(जिल्हा बैठकीत केलेल्या मांडणीचा मजकूर)



कापसाच्या भावावर आपण प्रत्येक बैठकीत बोलतो, पुढेही बोलू. आज बोलायचं आहे ते आपल्या शेतातल्या मातीच्या बांधाबद्दल.

वर्धा जिल्ह्यात बोर आहे, धाम आहे, त्यांचे कालवे आहेत. पण इथं बसलेल्या बहुतेकांच्या शेतात कालव्याचं पाणी येत नाही. आपली पऱ्हाटी आणि ज्वारी पावसाच्या भरवशावर. पाऊस वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास. पण त्यातला बराचसा मोजक्या मोठ्या पावसांत नाल्यानं वाहून जातो, आणि बोंडं भरायच्या वेळी आभाळ कोरडं. म्हणून ज्याला जमलं त्यानं नाल्यावर आडवी माती टाकली आणि तळं केलं. योग्यच केलं. त्या तळ्यावर एक ओलीत मिळालं तर वर्ष सावरतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे की ज्यानं पाणी अडवलं, त्यानं पाळीची राखणही करावी. ते काम दुसरं कोणी करणार नाही. संसदेनं २०२१ साली धरण सुरक्षा कायदा केला. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, आणि १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर. आपला बांध तीन-चार मीटरचा. तो या कायद्याच्या हिशेबात धरणच नाही. इन्स्पेक्टर दारात येत नाही याचा आनंद माना, पण त्याचा अर्थ असाही आहे की त्या बांधाकडे आपल्याशिवाय कोणी पाहणारच नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा बांधाचं काय घेऊन बसलात? हिशेब मांडू. एक हेक्टरावर पसरलेलं आणि सरासरी २ मीटर खोल असलेलं तळं घ्या. त्यात २० हजार घनमीटर पाणी मावतं, म्हणजे २ कोटी लिटर. त्याचं वजन २० हजार टन. दहा टनी ट्रक भरले तर दोन हजार ट्रक लागतील. हे पाणी आज मातीच्या एका भिंतीमागं शांत उभं आहे. भिंत फुटली तर ते खालच्या नाल्यात काही मिनिटांत उतरायला लागतं. त्या नाल्याकाठी शेजाऱ्याची विहीर आहे, मोटार आहे, गोठा आहे, आणि रात्री जागलीला झोपणारा माणूस आहे.

खाजगी पाळ ही आपल्या विदर्भाला नवी गोष्ट नाही. भंडारा-चांद्याकडे हजारो मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाच्या लोकांनी मातीच्या पाळी घालून ते उभे केले. छोटं खाजगी तळं असेल तर तिकडे त्याला बोडी म्हणतात. मालगुजाराचा तलाव असला तरी पाळ राखायला गाव उभं राहत होतं, कारण पाणी गावाच्या धानाला जात होतं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले. पुढं कित्येक तलाव गाळानं भरले, पाळी खचल्या. मालक गेला आणि राखणदारही गेला. सरकारी कागदावर नाव चढलं म्हणून पाळीवर कोणी फावडं घेऊन जात नाही.

मग तलाव फुटला तर जबाबदार कोण? हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. मद्रास इलाख्यात कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे जुने तलाव मोठ्या पावसात फुटले आणि रेल्वेचा मार्ग वाहून गेला. रेल्वे कंपनीनं भरपाई मागितली. विलायतेत तेव्हा कायदा असा होता की ज्यानं पाणी साठवलं त्यानं चूक असो-नसो नुकसान भरावं. १८७४ च्या निकालात प्रिव्ही कौन्सिलनं तो कायदा इथं लावला नाही. या देशात तलाव ही लोकांची गरज आहे, ते राखणं जमीनदाराचं कर्तव्यच आहे, आणि त्यानं निष्काळजीपणा केल्याचं सिद्ध झालेलं नाही, म्हणून तो सुटला. या निकालाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. तो सुटला कारण निष्काळजीपणा नव्हता. ज्यानं पाळीकडे तीन वर्षं पाहिलंच नाही, त्यानं या निकालाचा आधार शोधू नये.

आता पाळ फुटते कशी ते पाहू.

पहिलं कारण, पाणी पाळीवरून जाणं. मातीचा बांध पाणी अडवू शकतो, पण डोक्यावरून वाहिलेलं पाणी सोसू शकत नाही. वरून धार लागली की मागचं अंग खरवडत जातं आणि बघता बघता खिंडार पडतं. म्हणून सांडवा. त्याचाही हिशेब करा. तळ्याच्या वर ४० हेक्टरांचं पाणलोट आहे आणि दोन तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ४० हजार घनमीटर पाणी पडलं. आधीच भिजलेल्या जमिनीवरून त्यातलं निम्मं वाहून आलं, तरी सेकंदाला पावणेतीन हजार लिटर पाणी तळ्यात शिरतं. तळं भरलेलं असेल तर तेवढंच बाहेर जायला वाट हवी. सहा इंची पाइप टाकून हे काम होत नाही.

दुसरं कारण, पाणी पाळीच्या आतून जाणं. आपली काळी माती पाण्याला चांगली धरते, हे खरं. पण ती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चैत्रात आपल्या वावरात हात जाईल अशा भेगा पडतात, तशाच पाळीलाही पडतात. म्हणून काळी माती पोटात, आणि तिच्यावर दोन्ही अंगांनी मुरमाचं कवच, अशी रीत आहे. पाळीच्या पायात चर खणून घट्ट थरापर्यंत काळी माती भरावी लागते. भरताना थर पातळ घ्यायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. जेसीबीनं ढीग लावून वरून दोनदा ट्रॅक्टर फिरवला म्हणजे पाळ झाली, असं होत नाही. बांधातून पाइप नेला असेल तर त्याच्या भोवतीची माती हमखास पोकळ राहते आणि पाणी तिथूनच वाट काढतं.

पुण्याजवळचं पानशेत धरण मातीचंच होतं. पाणी सोडायच्या नळाचं काम अपुरं असतानाच धरण भरलं, वरचा भराव खचला, आणि १२ जुलै १९६१ ला धरण फुटून पुणं बुडालं. पुढचं उदाहरण २०१९ सालचं. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलैच्या रात्री फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं गेली. धरण गळतं म्हणून गावकऱ्यांनी आधीच तक्रार केली होती. फुटल्यावर मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. खेकडे, घुशी, उंदीर पाळ पोखरतात हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण बीळ काही एका रात्रीत पाळीच्या आरपार जात नाही. पाळीवरून चालणाऱ्याला ते आधी दिसतं.

आता करायचं काय?

मृगाच्या आधी पाळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. पाळीचा माथा कुठं बसला आहे का, भेगा आहेत का, बिळं आहेत का, ते पाहायचं. भेगा आणि बिळं खणून मोकळी करायची आणि ओली माती थराथरानं ठोकून भरायची. बाभूळ, निंब रोप असतानाच उपटायचं. मोठं झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला आयता बोगदा मिळतो. हरळी मात्र वाढू द्यायची, ती माती धरते. सांडव्यातली झुडपं आणि गाळ काढायचा.

मोठा पाऊस झाला की पाळीच्या कोरड्या अंगाला जायचं. पायथ्याशी थोडा ओलावा असेल, निर्मळ पाणी झिरपत असेल, तर खूण करून रोज पाहायचं. पाणी गढूळ आलं, तर पाळीतली माती वाहून चालली आहे असं समजा. त्या तोंडावर चिखल थापू नका. पाणी कोंडलं की दुसरीकडून फुटतं. त्यावर आधी जाड वाळू, मग गिट्टी, वर दगड टाका, म्हणजे पाणी येईल पण माती थांबेल. तळ्यातलं पाणी सांडव्याच्या किंवा पाइपच्या वाटेनं कमी करायला लागा, पण बेतानं. एकदम उतरवलं तर पाण्याकडचं ओलं अंग घसरतं. आणि त्याच वेळी खालच्या माणसाला निरोप द्या. मध्यरात्र असली तरी द्या.

सगळ्यात मोठा मोह सांडव्याचा आहे. पाऊस जायच्या वेळी सांडव्यात दगड आणि मातीची पोती लावून पाणी हातभर चढवायचं, ही गोष्ट गावोगाव चालते. का चालते हेही आम्हाला समजतं. एक हेक्टराच्या तळ्यात अर्धा मीटर पाणी जास्त अडलं तर ५ हजार घनमीटर मिळतात. कागदावर ते दहा हेक्टरांना ५ सेंटिमीटरचं एक ओलीत आहे. जिथं एका ओलितावर कर्ज फिटायचं की नाही ते ठरतं, तिथं हा मोह लहान नाही. पण परतीचा पाऊस विदर्भाला नवा नाही. पोती लावली आणि रात्री ढग फुटला, तर ते दहा हेक्टरांचं ओलीत शेजाऱ्याच्या वावरातून माती घेऊन जाईल. पाणी वाढवायचं असेल तर तळं खोल करा. उन्हाळ्यात गाळ काढा, तो बरड वावरात टाका. मात्र पाळीच्या पायथ्याला लागून खणू नका, अंतर सोडा.

भावांनो, आपण नेहमी म्हणतो की शेतकऱ्याला त्याच्या जमिनीचा, पाण्याचा, मालाचा मालक म्हणून जगू द्या. तो हक्क आपण सोडणार नाही. पण खालच्या बांधावरचा शेतकरीही आपलाच माणूस आहे, त्याचंही वावर त्याच्या मालकीचं आहे. आपल्या पाण्यानं त्याची माती गेली तर आपल्या मागणीला काय तोंड राहील?

म्हणून या बैठकीत ठरवू. मृगाच्या आधी प्रत्येक गावानं आपल्या शिवारातल्या मातीच्या बांधांची वहीत यादी करायची. बांध कोणाचा, उंची किती, सांडवा किती रुंद, खाली कोणाची घरं, विहिरी, गोठे, आणि रात्री निरोप कोण देणार, एवढं लिहायचं. दोन माणसांनी मालकाला सोबत घेऊन पाळीवरून चालायचं. जिथं शंका येईल तिथं जाणकार इंजिनिअरला बोलवायचं, त्याचा खर्च मालकानं आणि खालच्या शेतकऱ्यांनी मिळून करायचा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावानं ही वही सोबत आणावी.