जमालपूरची रात्र
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामातील आठवणी सांगाव्यात, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मी वक्ता नव्हे, शिपाईगडी आहे. जे पाहिले तेवढेच सांगतो.

१९७१ च्या डिसेंबरात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, म्हणजे आमची जंगी पलटण, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेस पोहोचली. नदीवर पूल नव्हता. होड्यांतून आणि बैलगाड्यांतून आमचा दारूगोळा वाहिला तो तेथील ग्रामस्थांनी. त्यांची भाषा आम्हांस येत नव्हती, आमची त्यांस. तरी काम अडले नाही.

आमचे ब्रिगेडियर हरदितसिंग क्लेर यांनी जमालपूरच्या ठाण्यास शरण येण्याविषयी पत्र धाडले. तेथील अधिकारी लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत बंदुकीची एक गोळी पाठविली. पुढे १० डिसेंबरच्या रात्री ते सैन्य टांगाईलच्या रस्त्याने निसटू पाहत आमच्या मोर्चांवर चालून आले. अंधारात पुन्हा पुन्हा हल्ले झाले. ‘छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही गर्जना करीत पलटण जागची हलली नाही. उजाडले तेव्हा समोर दोनशेंहून अधिक प्रेते पडली होती.

खरी कसोटी त्यानंतर लागली. नऊ महिने अत्याचार सोसलेले गावकरी कैद्यांवर धावून येऊ लागले. त्यांचा क्रोध अकारण नव्हता. परंतु शस्त्र खाली ठेवलेल्याचे रक्षण हाही शिपायाचा धर्मच. रात्री ज्यांनी आमच्यावर गोळ्या झाडल्या, त्यांच्याच जखमा आम्ही बांधल्या आणि त्यांच्याभोवती पहारा दिला.

१६ डिसेंबरला ढाका मुक्त झाले. सुमारे ९३,००० जण बंदी झाले. १२ मार्च १९७२ रोजी भारतीय सैन्याने ढाक्याचा निरोप घेतला. जिंकलेली भूमी तिच्या धन्यास सोपवून आम्ही परतलो, याचा मला विजयाहून अधिक अभिमान वाटतो.

बंधूंनो, त्या रात्री खंदकात शेजारी कोण होता, त्याची ज्ञाति कोणती, हे कोणी विचारले नाही. आपला संघ ज्ञातीच्या उन्नतीसाठी झटतो, हे योग्यच आहे. पण आपल्या शिष्यवृत्तीतील एक तरी दरवर्षी वीरगती मिळालेल्या कोणत्याही जवानाच्या मुलास, ज्ञाति न विचारता, द्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.